मंगलच्या घरची झुरळं

उंब्रजच्या मंगलला झुरळांचा राग यायचा, पण जावेचा यायचा तेवढा नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई चांगली होती आणि आम्ही तिची बदनामी केली. बाई चांगलीच होती. कामाला वाघ, मनानं मोकळी, दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. फक्त आपल्या माणसाला दुसऱ्या कुणी ‘माझं’ म्हटलं की तिच्या पोटात दुखायला लागायचं. आता हे दुखणं कुणाला नसतं? पण लोक ते पदराखाली झाकतात. मंगलला झाकता यायचं नाही, तोंडावर दिसायचं.

तिचं माहेर पलूसचं. आई लहानपणीच गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई काही वाईट नव्हती, पण तिची स्वतःची लेकरं होती. वाढताना पळी आधी कुणाच्या ताटात जाते, हे बघत बघत मंगल मोठी झाली, आणि ती नजर तिला कायमची चिकटली. लग्न होऊन उंब्रजला आली तेव्हा सासूनं, म्हणजे बनुबाईनं, पहिल्याच पंगतीला तिच्या ताटात आधी वाढलं आणि म्हणाली, "खा पोरी, दमली असशील." झालं. त्या दिवसापासून मंगलनं नवऱ्यापेक्षा सासूवर जीव टाकला. नवरा लालासाहेब म्हणजे ऊस आणि म्हशी यांच्यात रमणारा माणूस. त्यानं तक्रार केली नाही, त्याला तेवढीच शांतता.

गावात सासवासुनांची भांडणं चावडीपर्यंत ऐकू यायची, आणि ह्या दोघी एका ताटात भाकरी मोडायच्या. मंगल सासूला आत्या म्हणायची. आत्याच्या डोक्याला तेल मंगलनंच लावायचं, आत्याचं लुगडं मंगलनंच वाळत घालायचं. शेजारच्या बयाबाईनं एकदा सहज म्हणून बनुबाईची वेणी घातली, तर मंगल आठवडाभर तिच्याशी तुटक बोलत होती.

धाकटा दीर अधिकराव सांगलीला बँकेत होता. त्याची बायको संयोगिता शिकलेली, बोलायला गोड. सणासुदीला आली की बनुबाईच्या गळ्यात पडून "आई, आई" करायची. मंगल वर्षभर आत्या म्हणत राबणार, आणि ही चार दिवस येऊन आई म्हणून जाणार. मंगलला वाटायचं, आयत्या बिळावर नागोबा कसा असतो तो बघायचा असेल तर सांगलीत विश्रामबागेतल्या धाकटीच्या घरी जाऊन बघावा.

आता झुरळांकडं वळू. मंगलचं घर आरशासारखं होतं, तरी स्वयंपाकघरात झुरळं व्हायची. बारकी, तांबूस, चपळ. डबा उचलला की डब्याखाली, कॅलेंडर हलवलं की कॅलेंडरमागं. तिनं बोरिक पावडरीत कणीक आणि साखर मळून गोळ्या केल्या. खडूच्या रेघा इतक्या ओढल्या की ओटा शाळेच्या फळ्यासारखा दिसायला लागला. खरकटं ठेवलं नाही, मोरी कोरडी ठेवली, फटी सिमेंटनं लिंपल्या. महिनाभर कमी व्हायची, पुन्हा हजर. संयोगिता एकदा आली असताना फडताळातून एक खाली पडलं आणि तिनं पाय वर घेतले. बोलली काही नाही. त्या न बोलण्यानंच मंगलचा तिळपापड झाला.

ती गेल्यावर मंगल नवऱ्याला म्हणाली, "आवं, काय बी करा, पर ह्या झुरळांचा निकाल लावा. त्या सांगलीच्या बयेसमोर माझं नाक कापलं."

लालासाहेबाला एकच औषध माहीत होतं. उसावर मारायचं. त्यानं पाठीवरचा पंप भरला, तोंडाला टॉवेल बांधला आणि स्वयंपाकघर असं फवारलं जसं काय उसाच्या खोडव्याला कीड लागलीय. भांडी, धान्य आधी बाहेर काढलं होतं एवढीच काय ती अक्कल. मधल्या खोलीत पडलेल्या म्हातारीला बाहेर काढायचं मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बनुबाईचे डोळे सुजले, खोकून खोकून जीव घाबरा झाला. डॉक्टरांनी लालासाहेबाला समोर उभं करून विचारलं, "घर आहे का उसाचा फड? काही दिवस यांना त्या घरात ठेवू नका."

अधिकराव गाडी घेऊन आला आणि आईला सांगलीला घेऊन गेला. बनुबाईबरोबर तिची पेटी गेली. ती पेटी म्हणजे मामंजींची मिलिटरीतली, काळी लोखंडी, वर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण पेटीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. किल्ली बनुबाईच्या कमरेला. पेटीवरची धूळसुद्धा ती स्वतःच्या पदरानं पुसायची. मंगल सगळं घर घासायची, पण त्या पेटीच्या भोवतीनं घासायची.

मंगल दारात उभी राहून गाडीला हात करत होती. तिला वाटलं होतं, आत्या आठवड्यात परत येतील.

आठवडे गेले. चैत्र गेला, उन्हाळा गेला. घरातली झुरळं अशी गेली की औषधाला एक सापडेना. मंगलनं फोन केला, "आत्या, या आता. एक झुरळ न्हाई बघा. औषधानं साफ गेली."

तिकडून बनुबाई म्हणाली, "व्हय का? बरं झालं बाई. बघू, यीन."

बघू. ज्या म्हातारीला मंगलच्या हातच्या भाकरीशिवाय घास जात नव्हता, ती ‘बघू’ म्हणत होती. पुढच्या फोनला पाऊस होता, त्याच्या पुढच्या फोनला गुडघे होते. आणि इकडं संयोगिता मोबाईलच्या स्टेटसवर रोज एक फोटो टाकत होती. आई बागेत. आई गणपतीच्या देवळात. आई आणि मी, भेळ खाताना. मंगल एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघायची. आत्या बारीक झाल्या का, हसतायत ते खरं का, वेणी कुणी घातली, भांग वाकडा का. बघायची आणि मोबाईल पालथा टाकायची. घटकाभरानं पुन्हा उचलायची.

"अगं, आई हाय ती, म्हस न्हाई बाजारात इकलेली," लालासाहेब म्हणायचा. "तिचं बी लेकरूच हाय की त्ये."

"तुमाला काय कळतंय," मंगल म्हणायची, आणि भाकरीवर असा हात मारायची की लालासाहेब म्हशीकडं निघून जायचा.

गावाला विषय पाहिजेच होता. बयाबाईनं नळावर सगळ्या बायकांत म्हटलं, "मंगलनं झुरळांबरुबर सासूबी फवारून घालवली म्हणं." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मंगल घागर घेऊन मागंच उभी होती. ती घागर न भरता घरी आली. गौरी-गणपती तोंडावर आले होते. गौर थोरल्याच्या घरात बसते, आणि ती बसवताना बनुबाई पाटावर बसून सगळं सांगत असते, मुखवटा कसा, लुगडं कसं, भाजी-भाकरीचा नैवेद्य कुठं ठेवायचा. यंदा त्या पाटावर कुणी नसलं तर गाव जे हसत बोलत होतं तेच खरं मानणार. आणि गावाचं जाऊ द्या. मंगलला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं. आपण घालवली, आणि दुसरीनं ठेवून घेतली.

शेवटी तिनं पिशवीत घरचं तूप आणि भाजलेल्या शेंगा भरल्या आणि कराडला एसटी बदलून सांगली गाठली. आत्याला घेऊनच यायचं, असं नवऱ्याला सांगून निघाली होती.

दार बनुबाईनंच उघडलं. जन्मभर नऊवारीत असलेली बाई मॅक्सीत उभी होती, निळ्या फुलांच्या.

"सोपं पडतंय गं," बनुबाई ओशाळून म्हणाली, "बाथरूमात पाय सरकत न्हाई." मग तिनं मंगलचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं, पण मंगलची नजर त्या निळ्या फुलांवरनं हलेना.

संयोगितानं पाणी दिलं, चहा टाकला. घर चकचकीत. ओढायचे कप्पे, वर चिमणी, ओट्यावर एक टिपूस नाही. मंगल मनातल्या मनात कुढत बसली होती, की आता अशा घरातनं आत्या कशाला येतील आपल्या चुलीला. तेवढ्यात चिमणीच्या मागनं एक बारकं, तांबूस, चपळ झुरळ आलं आणि भिंतीवरनं आरामात खाली उतरलं.

मंगलला काय आनंद झाला म्हणून सांगू. माहेरचं माणूस दिसावं तसा झाला. चहाचा कप तिनं तोंडापुढंच धरून ठेवला, हसू दिसू नये म्हणून.

संयोगिताचा चेहरा पडला. "ताई, कधीच नव्हती हो आमच्याकडं," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून सुरू झालीयत. दोनदा माणसं बोलावून फवारणी केली, फटीत ते जेल भरलं. थोडे दिवस जातात, पुन्हा येतात. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणतात, स्वच्छता ठेवा." एवढं बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्याकडची कशी गेली, सांगा ना."

"सवच्छता पायजे," मंगल म्हणाली. इतकी वर्षं पोटात साठवलेलं वाक्य, तिनं ते सावकाश, चवीनं सांडलं.

आणि सवयीनं चप्पल उचलून झुरळाच्या मागं निघाली. झुरळ स्वयंपाकघरातनं पळालं, बनुबाईच्या खोलीत शिरलं, कॉटखाली गेलं. मंगलनं गुडघे टेकून खाली वाकून बघितलं. कॉटखाली मामंजींची काळी पेटी होती. तिचा एक कोपरा कधीतरी आपटून चेपला होता आणि झाकणाला बोटभर फट पडली होती. झुरळ त्या फटीशी थांबलं, मिशा हलवल्या, आणि घरात शिरावं तसं आत शिरलं.

मंगल चप्पल हातात धरून फरशीवरच बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फटी लिंपल्या, गोळ्या केल्या, सासूचा जीव जाईपर्यंत फवारलं, आणि रोगाचं घर तिनं दर आठवड्याला भोवतीनं घासून पवित्र राखलं होतं. झुरळं औषधानं गेलीच नव्हती. ती पेटीत बसून सांगलीला गेली होती.

पहिला विचार काय आला असेल? तुम्ही सज्जन असाल तर तुमच्या मनात वेगळा आला असता. मंगलला वाटलं, देवानंच आणून दिलं हातात. संयोगिताला एवढंच सांगायचं की बाई गं, झुरळं पेटीतली, पेटी आत्यांची. मग ही चकचकीत घराची मालकीण आपण होऊन पेटी बाहेर काढील, आणि पेटी गेली की आत्या जातीलच. भांडायचं नाही, विनवायचं नाही.

"आत्या," तिनं मोठ्यानं हाक मारली, संयोगिताला ऐकू जाईल अशी, "पेटी उघडा जरा."

बनुबाई आली ती दारातच थबकली. "पेटी कशाला?"

"उघडा म्हणती न्हवं."

इतक्या वर्षांत मंगल सासूशी या सुरात बोलली नव्हती. बनुबाईनं कमरेची किल्ली काढली. मॅक्सीलाही तिनं किल्लीसाठी नाडी बांधून घेतली होती. कुलूप निघालं, झाकण वर झालं आणि आतली फौज चारी दिशांना पांगली. आत मामंजींचा हिरवा स्वेटर होता, खाली त्यांचा मग. आणि बाकी सगळी पुडकी. रुमालात, कागदात, पिशवीत बांधलेली, सगळ्यांना बारीक भोकं पडलेली.

मंगलनं एक रुमाल ओळखला. तिचाच होता. सोडला तर आत बेसनाच्या लाडवांचा भुगा, झुरळांनी कुरतडलेला. दिवाळीचे. तिनं आत्याला म्हणून जास्त तूप घालून केलेले.

"हे तर तुमी खाल्लं हुतं," मंगल म्हणाली. "दुसरा मागनं खाते म्हणालता."

बनुबाई खाली बघत म्हणाली, "अधिकला आवडत्यात. तो येतोय कवातरी, त्याला म्हणून ठेवलं. मग इसरलं."

मंगलनं केलेलं, मंगलनं भरवलेलं, म्हातारी अर्धं तोंडात घालून अर्धं धाकट्यासाठी राखत होती. शेंगदाण्याच्या पोळ्या, तिळाच्या वड्या, सगळ्याचीच तीच गत. म्हणजे पळी शेवटी तिकडंच जात होती. पलूसलाही आणि उंब्रजलाही.

"आन हे?" तिनं वरचं पुडकं उचललं. ते नवं होतं, सांगलीच्या मिठाईवाल्याचा कागद. आत खव्याची बर्फी, काठ खाल्लेली. त्याच्या शेजारी केकचा तुकडा, वाळून दगड झालेला. पेढे. पुडकी कितीतरी. "हे बी अधिकभावजींचंच व्हय?"

"अधिक हितंच हाय की. त्याला कशाला ठिवू?" बनुबाई म्हणाली. "ते तुझं हाय. संयोगिता रोज कायतरी हातावर ठेवती. एकलीच्या घशाखाली उतरत न्हाई. तुला बर्फी आवडती, तुला कोण आणतंय तिथं."

मंगल बर्फी हातात धरून बसली.

"मग आला का न्हाई? म्या किती फोन केलं."

"तू म्हणालीस, एकबी झुरूळ ऱ्हायलं न्हाई. आन हितं म्या आल्यावर दिसाया लागली. म्हातारी झाली म्हणून काय डोस्कं बंद पडलं व्हय माझं? त्याच दिशी उमगलं, ही माझ्याच पेटीतली." बनुबाईनं स्वेटरवरचं एक झुरळ बोटानं उडवलं. "तू सगळं घासून-पुसून बसलीस, झुरळांपायी तुझं नाक कापलं हुतं, आन म्या परत तीच घिऊन यिऊ तुझ्या घरात? पेटी टाकू म्हणलं तर ह्यांची पेटी. म्हणलं ऱ्हावं हितंच."

"आन संयोगिताच्या घरात झाल्याली चालत्यात?"

बनुबाईनं आवाज खाली आणला. "ती काय, माणूस बोलावती फवारायला. तुला एकेक हातानं मारत बसावं लागतंय."

हे ऐकायला मंगल कितीतरी वर्षं आसुसलेली होती. आत्यानं एकीचं घर नासवलं आणि दुसरीचं राखलं, आणि राखलं ते तिचं. याच्यावर काय पाहिजे? तिनं मान वर केली, तर दारात संयोगिता उभी होती. हातात फराळाचा ट्रे. सगळं ऐकलेलं.

ती पेटीतल्या त्या पुडक्यांकडं बघत होती, एकेका कागदाकडं, जे तिनं स्वतः दुकानातनं आणून आईच्या हातावर ठेवले होते. आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मंगलनं ताबडतोब ओळखलं. परक्याच्या ताटाकडं जाणारी पळी बघताना तोंड कसं होतं, हे मंगलपेक्षा कुणाला जास्त माहीत? तिला वाटलं होतं हे तोंड बघून गार वाटेल. गार काही वाटेना.

"ट्रे ठेव तिथं," मंगल उठत म्हणाली. "आन धर तिकडनं. पेटी गच्चीत न्यायची."

दोघी जावांनी ती जड पेटी जिन्यानं वर नेली. उन्हात पालथी घातली, झाडली, गरम पाण्यानं धुतली, कोपरे तारेच्या घासणीनं घासले. जी पळाली ती चपलेखाली गेली. मंगल डावीकडनं मारत होती, संयोगिता उजवीकडनं, आणि संयोगिताचा हात मंगलच्या मानानं बराच जोरात पडत होता. चेपलेला कोपरा मंगलनं दगडानं ठोकून सरळ केला. बनुबाई खुर्चीत बसून मामंजींचा स्वेटर झटकत होती आणि "हळू गं, त्यांचं नाव खरडाल," म्हणत होती.

संध्याकाळी निघताना मंगलच्या तोंडून काय गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. "आत्यांस्नी आज न्हेत न्हाई," ती संयोगिताला म्हणाली. "गौरीला तूच घिऊन ये. दोन दिवस आधी ये."

एसटी कराडच्या वाटेला लागेपर्यंत तिला पस्तावा झाला होता. रिकाम्या हातानं परत चाललो आपण. आता गाव म्हणणार, धाकटीनं आणली. आणि तसंच झालं. गौरी आवाहनाच्या आधी अधिकरावाची गाडी दारात आली, संयोगितानं हात धरून बनुबाईला उतरवलं, पाठोपाठ काळी पेटी उतरली, आणि बयाबाई भिंतीवरनं मान काढून म्हणाली, "धाकटीनं आणली व्हय सासू? गुणाची गं बाई." मंगलच्या पोटात आपली जुनी कळ उठली. सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो.

पण बनुबाई नऊवारीत होती. मंगलनं सगळ्यात आधी तेच बघितलं.

गौर बसली. भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. बनुबाई पाटावर बसून हे असं, ते तसं करत होती. फराळाला मंगलनं आत्याच्या ताटलीत दोन लाडू ठेवले. म्हातारीनं एक खाल्ला. दुसरा हातात घेतला, इकडंतिकडं बघितलं, आणि हात हळूच कमरेकडं निघाला.

"आत्या," मंगल म्हणाली, "भावजींचा डबा भरून ठेवलाय. त्यो तुमी खावा. माझ्यासमोर."

बनुबाईनं लाडू मुकाट्यानं तोंडात घातला. मग, चावत चावतच, दुसऱ्या बाजूच्या ओच्यातनं कागदाची एक पुडी काढली आणि मंगलच्या हातावर ठेवली. सांगलीची बर्फी. कागदाला एकही भोक नव्हतं.

"तुला," ती म्हणाली.

बयाबाई बघत होती. समोर ताटली घेऊन बसलेली संयोगिताही बघत होती. मंगलनं बर्फी तोंडाशी नेली, खाल्ली नाही. दोन तुकडे केले. एक चांगला मोठा झाला, एक लहान. दोन्हींकडं तिनं नीट बघितलं. मग लहान तुकडा संयोगिताच्या ताटलीत ठेवला, आणि मोठा स्वतः खाल्ला.